नांगर सोडला, पण त्याची कामं कोण करणार?

नांगराला नावं ठेवणं हल्ली सोपं झालंय. पुनरुज्जीवी शेतीबद्दल, म्हणजे मातीचा कस परत आणू पाहणाऱ्या शेतीबद्दल, काहीही वाचायला घ्या, पहिल्या दोन परिच्छेदांतच नांगर आरोपीच्या पिंजऱ्यात उभा असतो. पण शेतकरी हजारो वर्षं त्याच्या मागे उगाच चालला नाही. नांगर एका फेरीत बरीच कामं उरकतो. उगवलेलं तण गाडतो. आधीच्या पिकाची धसकटं मातीआड करतो आणि त्यांत दडलेल्या किडी-बुरशीही सोबत गाडतो. दबलेलं रान मोकळं करतो, पुढच्या पेरणीला जागा करून देतो. आणि एक काम असं करतो जे बांधावरून दिसत नाही: मातीत साठलेलं नत्र (नायट्रोजन) पिकाला खुलं करून देतो.

गहू, मका, बार्ली, ओट अशी धान्यं घेणारं एखादं कुटुंब ‘यापुढे नांगरट बंद’ असं ठरवतं, तेव्हा ही सगळी कामं एकदम बेवारस होतात. नांगर शेडमध्ये उभा करायला एक दिवस पुरतो. त्याची कामं यंत्राकडे, फेरपालटीतल्या पिकांकडे, गांडुळांकडे, जनावरांकडे सोपवायला काही वर्षं जातात. ही वाटणी नीट बसली तर शेती सुधारते. अर्धवट राहिली तर दोन-तीन हंगामांत कुटुंब मुकाट्याने नांगर बाहेर काढतं आणि ‘आम्ही करून बघितलं, जमत नाही’ असं सांगतं. त्यांचं म्हणणं खोटंही नसतं.

मग सोडायचा तरी कशाला?

याचं उत्तर पाण्याच्या बरणीत बघता येतं. मध्ये फक्त एक बांध असलेली दोन शेतं घ्या. एक दरवर्षी नांगरलेलं, दुसरं दहा-बारा वर्षं न नांगरता काडाखाली झाकून ठेवलेलं. दोन्हींतून मुठीएवढं ढेकूळ काढा, सावलीत वाळवा आणि पाण्याने भरलेल्या बरणीच्या तोंडाशी तारेच्या जाळीवर ठेवा. नांगरलेल्या रानातलं ढेकूळ बघता बघता फुटतं, त्याचा गाळ खाली बसतो आणि पाणी गढूळ होतं. दुसरं ढेकूळ तासाभरानेही जवळजवळ तसंच असतं, पाणी चहूबाजूंनी आत शिरलेलं आणि बरणी स्वच्छ.

प्रयोगशाळेत दोन्ही मातींमधली वाळू, पोयटा आणि चिकणमाती मोजली तर प्रमाण सारखंच भरेल. फरक आहे तो कण बांधून ठेवणाऱ्या गोष्टींचा. मुळांतून पाझरणारे चिकट पदार्थ, बुरशीचे केसाहून बारीक धागे, गांडुळांची विष्ठा यांनी माती रवाळ बनते आणि त्या रव्यांमध्ये हवा-पाण्याला वाटा राहतात. नांगर हे रवे फोडतो. पुन्हा बांधले जायच्या आत पुढची नांगरट येते.

ही गोष्ट पावसात कळते. मोठा थेंब ताशी तीस किलोमीटरच्या आसपास वेगाने जमिनीवर आदळतो. उघड्या मातीवर तो रवा फोडतो, सुटलेले बारीक कण छिद्रांत जाऊन बसतात आणि ऊन पडलं की वर पापडी धरते. पुढच्या पावसाचं पाणी त्या पापडीवरून सरळ ओघळीला लागतं. एका एकरावर २५ मिलिमीटर पाऊस म्हणजे साधारण एक लाख लिटर पाणी. त्यातलं निम्मं वाहून गेलं तर कोरडवाहू गव्हाला दाणे भरायच्या वेळी ते कुठून आणायचं?

पाण्यासोबत माती जाते, आणि ती जाताना दिसत नाही ही खरी अडचण आहे. एका हेक्टरवरचा फक्त एक मिलिमीटर जाडीचा थर म्हणजे जवळजवळ १३ टन माती. एवढी माती एका वर्षात गेली तरी शेतात उभ्या असलेल्या माणसाला जमीन खाली गेल्याचं जाणवत नाही. तेवढा थर नव्याने घडायला मात्र निसर्गाला दशकं लागतात.

कधी कधी हे सगळं एकदम दिसतं. पहिल्या महायुद्धाच्या काळात गव्हाचे भाव चढले तेव्हा अमेरिकेच्या मध्य मैदानांतली लाखो एकर गवताळ जमीन फोडून तिथे गहू पेरला गेला. पुढे भाव कोसळले आणि १९३०च्या दशकात दुष्काळ पडला. रान उघडं होतं, माती मोकळी होती, आणि ती वाऱ्यावर स्वार झाली. मे १९३४मधल्या एका वादळाची धूळ पार वॉशिंग्टन आणि न्यूयॉर्कपर्यंत पोचली. १४ एप्रिल १९३५चा रविवार तिथे आजही ‘काळा रविवार’ म्हणून ओळखला जातो. त्याच महिन्यात मृदा संधारणाचा कायदा झाला आणि ह्यू हॅमंड बेनेट हे नव्या मृदा संधारण खात्याचे पहिले प्रमुख झाले. समतल पेरणी, पट्टा पद्धत, वाऱ्याला अडवणाऱ्या झाडांच्या रांगा यांचा जोरदार प्रसार तेव्हा झाला. नांगर मात्र बहुतेक शेतांवर तसाच राहिला. त्याचं तण मारायचं काम करणारं दुसरं कुणी तोवर सापडलं नव्हतं.

पेरणी: सोपी वाटणारी अडचण

न नांगरलेल्या शेतात पेरायचं म्हणजे काडाचा थर कापून, घट्ट जमिनीत नेमक्या खोलीवर बी टाकून, ते पुन्हा मातीने झाकायचं. साध्या पेरणी यंत्राला हे झेपत नाही. त्याच्या फणांत काड अडकतं आणि यंत्र शेतभर ढीग ओढत फिरतं. म्हणून जड, तिरप्या तबकड्यांची यंत्रं आली. तबकडी काड कापते, बारीक तास काढते, बी पडतं आणि मागचं चाक तास दाबून बंद करतं.

काड दमट असेल तर तबकडी ते कापत नाही, दुमडून तासातच कोंबते. वरून बघितलं तर पेरणी छान झालेली दिसते. तास बोटाने उकरला की कळतं: केसाच्या आकड्यासारखी वाकलेली काडी खाली आणि बी तिच्यावर, मातीला न टेकता लोंबकळतंय. असं बी अर्धवट उगवतं आणि वाळून जातं. म्हणून जुनेजाणते लोक सकाळी दव असताना यंत्र काढत नाहीत, ऊन लागून काड कडकडीत होऊ देतात.

गंमत म्हणजे पुढच्या पेरणीची तयारी आधीच्या मळणीत होते. मळणी यंत्राने मागे काड आणि भुसकट एकाच पट्ट्यात टाकलं की त्या पट्ट्यात पुढचं पीक विरळ उगवणार हे ठरलेलंच. काड बारीक करून शेताच्या पूर्ण रुंदीत फेकणारा पंखा ही या शेतीतली सगळ्यात कमी कौतुक झालेली वस्तू आहे. काड उभं ठेवून फक्त कणसं ओरबाडून घेणारी यंत्रंही काही जण वापरतात. उभं काड तबकडीच्या आड येत नाही, वारा अडवतं आणि थंड प्रदेशात बर्फही धरून ठेवतं.

थंड, ओल्या प्रदेशात वेगळाच त्रास होतो. झाकलेली माती वसंतात उशिरा तापते, मका उगवायला वेळ लागतो. तिथे बरेच शेतकरी फक्त पेरणीच्या ओळीपुरता वीतभर रुंद पट्टा मोकळा करतात आणि मधली जागा तशीच ठेवतात. काटेकोर मंडळी याला तडजोड म्हणतात. मला तो शहाणपणा वाटतो.

आणि दबलेली जमीन मोकळी कोण करणार? मुळं आणि गांडुळं. शेतात गुडघ्यावर बसून काड बाजूला सारलं तर मध्येच काड्यांचे तुकडे आणि मातीच्या गोळ्यांचा एक छोटासा ढीग दिसतो. तो उचकटला की खाली पेन्सिलीएवढं भोक. खोल जाणाऱ्या जातीच्या गांडुळाने काड्या आत ओढून बिळाचं तोंड झाकलेलं असतं. ही बिळं सरळ खाली मीटरभरही जातात. पावसाचं पाणी त्यांतून उतरतं, पुढच्या पिकाची मुळंही तोच रस्ता धरतात. नांगरटीत ही बिळं वरच्या वर कापली जातात. पण गांडुळांनाही मर्यादा आहे. धान्याने भरलेलं मळणी यंत्र वीस-पंचवीस टनांचं भरू शकतं. वाफसा नसताना, म्हणजे माती जास्त ओली असताना, ते शेतात घातलं तर दबलेली चाकोरी दुरुस्त व्हायला वर्षं लागतात. म्हणून शेताबाहेर थांबून वाट बघणं हेही इथे कामच धरावं लागतं.

नत्राचा हिशेब

इथे बहुतेकांचं घोडं अडतं.

एका हेक्टरवरची वरची १५ सेंटिमीटर माती साधारण २००० टन भरते. तिच्यात एक टक्का सेंद्रिय पदार्थ म्हणजे २० टन, आणि त्या २० टनांत जवळजवळ एक टन नत्र बांधलेलं असतं. पिकाला ते थेट घेता येत नाही. जिवाणू सेंद्रिय पदार्थ कुजवतात तेव्हा त्यातलं वर्षाला एक ते तीन टक्के, म्हणजे १० ते ३० किलो नत्र सुटतं. नांगरटीने मातीत हवा खेळते, रवे फुटतात, आत जपलेला सेंद्रिय पदार्थ जिवाणूंच्या तावडीत येतो आणि हे काम जोरात होतं. सेंद्रिय पदार्थाला घरची मुदत ठेव म्हटलं तर नांगरट म्हणजे दरवर्षी तिचा तुकडा मोडून घरखर्च भागवणं. नव्याने फोडलेल्या गवताळ जमिनींनी पहिली काही दशकं भरघोस पिकं दिली ती याच जोरावर. त्या काळात त्यांतला साधारण तिसरा हिस्सा ते निम्मा सेंद्रिय पदार्थ संपला.

आता नांगरट बंद केली की ठेव मोडणं थांबतं. चांगलंच झालं, पण घरखर्च थांबत नाही ना! पिकाला लागणारं नत्र तेवढंच आहे आणि मातीतून सुटणारं कमी झालंय. त्यात भर पडते काडाची.

कुजवणाऱ्या जिवाणूंचा आहार ठरलेला आहे: साधारण २४ भाग कर्बाला (कार्बनला) १ भाग नत्र. गव्हाच्या काडात हे प्रमाण ८०ला १ असतं. म्हणजे खायला कर्ब भरपूर, नत्र नावापुरतं. कमी पडलेलं नत्र जिवाणू आजूबाजूच्या मातीतून ओढून घेतात. कोवळं पीक त्यांच्याशी स्पर्धेत हरतं आणि पिवळं पडतं. पहिल्या दोन-तीन वर्षांत शेजारचं नांगरलेलं रान हिरवंगार आणि आपलं फिकट असं चित्र दिसतं ते बहुधा यामुळेच. नत्र नष्ट झालेलं नसतं, जिवाणूंच्या शरीरात अडकलेलं असतं. ते मेले की सुटेल, पण पिकाला हवं तेव्हाच सुटेल याची खात्री नाही.

उपाय आहेत आणि ते बेताने वापरावे लागतात. पेरतानाच बियांच्या बाजूला थोडं नत्र द्यायचं, म्हणजे रोप जिवाणूंवर अवलंबून राहत नाही. किंवा आधी शेंगवर्गीय पीक घ्यायचं. व्हेचसारख्या शेंगवर्गीय आच्छादन पिकात, म्हणजे विकायला नव्हे तर माती झाकायला घेतलेल्या पिकात, कर्ब-नत्राचं प्रमाण ११ला १ इतकं खाली असतं. ते कापून पाडलं की नत्र भराभर सुटतं. पण त्याचा तोटाही तोच: काही आठवड्यांत सगळं कुजून जातं आणि माती पुन्हा उघडी. म्हणून राय (गव्हासारखं एक तृणधान्य) आणि व्हेच एकत्र पेरतात, एक टिकतं आणि दुसरं खाऊ घालतं.

रायचं वयही मोजावं लागतं. पालेदार अवस्थेत तिचं प्रमाण २६ला १ असतं, फुलोऱ्यात ३७ला १, आणि वाळून काड झालं की ८०च्या पुढे. म्हणजे पावसामुळे राय पाडायला दोन-तीन आठवडे उशीर झाला तर तीच राय पोषण देणारी न राहता नत्र ओढणारी होते. मक्याआधी हा उशीर महागात पडतो, कारण मका नत्राचा भुकेला. सोयाबीनआधी तीच उंच, जून राय फार कामाची. सोयाबीन स्वतःचं नत्र स्वतःच्या मुळांवरच्या गाठींतून मिळवतं आणि रायच्या जाड थराखाली तण डोकं वर काढत नाही. एकच आच्छादन पीक, एकच शेत, पण पुढे काय पेरायचंय यावर चूक की बरोबर ते ठरतं. ‘आच्छादन पीक घ्या’ असा सरसकट सल्ला मला म्हणूनच अर्धवट वाटतो.

तण, आणि एक गैरसोयीचं सत्य

विनानांगरणीची शेती मोठ्या प्रमाणावर शक्य झाली ती तणनाशकांमुळे. हे तिचे प्रचारक हळू आवाजात सांगतात. अमेरिकेतल्या केंटकी राज्यात हॅरी यंग या शेतकऱ्याने १९६२मध्ये एक एकरही नसलेल्या तुकड्यावर न नांगरता मका पेरला. तो अमेरिकेतल्या व्यावसायिक विनानांगरणी शेतीचा आरंभ मानला जातो. दहा वर्षांनी, १९७२मध्ये, ब्राझीलच्या पाराना राज्यात हर्बर्ट बार्ट्झ यांनी तिथल्या मुसळधार पावसात वाहून जाणाऱ्या मातीला कंटाळून हीच पद्धत उचलली. पुढे ब्राझील आणि अर्जेंटिनात ती दूरवर पसरली.

तेच ते तणनाशक वर्षानुवर्षं मारलं की जे व्हायचं तेच झालं. ग्लायफोसेट या तणनाशकाला दाद न देणारं कॅनडा फ्लीबेन हे तण २०००च्या सुमारास अमेरिकेच्या डेलावेअर राज्यातल्या सोयाबीनमध्ये सापडलं. नंतर अशा तणांची यादी वाढतच गेली. दुसरीकडे सेंद्रिय धान्यशेती करणारं कुटुंब तणनाशक वापरत नाही, पण तणासाठी कुळव-वखर मात्र वारंवार फिरवतं. म्हणजे एकाच्या शेतात फवारणी, दुसऱ्याच्या शेतात मशागत. दोघंही स्वतःला मातीचे रक्षक म्हणवतात आणि दोघांचंही थोडं थोडं खरं आहे. उतारावरच्या जमिनीत मी मोजूनमापून केलेली एखादी फवारणी पसंत करीन. सपाट रानात आणि लांब फेरपालटीत अधूनमधून केलेली उथळ मशागत काही पाप नाही.

या दोन टोकांच्या मधली वाट शोधणारे बरेच प्रयोग शेतकऱ्यांनीच केले. ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम भागातले धान्य शेतकरी रे हॅरिंग्टन यांनी मळणीच्या वेळी भुसकटासोबत निघणारं तणाचं बी दळून मारणारं यंत्र बनवलं. विचार साधाच आहे. मळणी यंत्र आपणच तणाचं बी गोळा करतो आणि पंख्याने शेतभर पेरतो, तर तिथेच त्याचा बंदोबस्त करावा. आज अशी यंत्रं थेट मळणी यंत्रात बसवून मिळतात. दुसरा मार्ग म्हणजे दात असलेला जड रूळ. फुलोऱ्यातली राय तो आडवी पाडून तिचं खोड ठिकठिकाणी चेचतो, म्हणजे ती फवारणीविना मरते आणि तिचीच चटई होते. फुलोऱ्याआधी रूळ फिरवला तर राय पुन्हा उभी राहते.

फेरपालट, जिच्यावर सगळं उभं आहे

शेतकऱ्याला बेवड, म्हणजे आधीच्या पिकाचा पुढच्या पिकावर होणारा परिणाम, समजावून सांगावा लागत नाही. तरीही मोठमोठ्या धान्यशेतांवर मका-सोयाबीन, किंवा नुसता गहूच गहू, असं चाललेलं दिसतं. नांगर असतो तोवर ते खपून जातं. नांगर गेला की धसकटं वरच राहतात आणि त्यांच्यातली बुरशीही. मक्याच्या धसकटांवर थेट गहू पेरला आणि गहू फुलताना हवा दमट राहिली तर फ्युजेरियम बुरशी ओंब्यांवर येते. दाणे पांढुरके, सुकलेले होतात, आणि बुरशीने सोडलेलं विष धान्यात उतरतं. खरेदीदार ते तपासतो आणि माल परत पाठवतो. म्हणजे फेरपालटीशिवाय विनानांगरणी हे रोगाला दिलेलं आग्रहाचं निमंत्रण आहे असं म्हणायला हरकत नाही.

अमेरिकेतल्या आयोवा स्टेट युनिव्हर्सिटीच्या मार्सडेन फार्मवर याची मोठी परीक्षा चालू आहे. मका-सोयाबीन या दोन वर्षांच्या चक्राशेजारी त्यांनी ओट आणि क्लोव्हर (एक शेंगवर्गीय चारा) घातलेलं तीन वर्षांचं, आणि लसूणघास घातलेलं चार वर्षांचं चक्र लावलं. २०१२मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालांत लांब चक्रांत रासायनिक खत आणि तणनाशकं फार कमी लागली, पिकं तितकीच किंवा थोडी जास्त आली आणि नफाही जवळपास तोच राहिला. मजुरी आणि देखरेख मात्र वाढली. लक्षात घ्या, या शेतात नांगर पूर्ण बंद नव्हता. श्रेय बरंचसं फेरपालटीचं.

मग सगळे तसं का करत नाहीत? कारण ओट घेणार कोण? तिसऱ्या पिकाला जवळपास गोदाम नसतं, खरेदीदार नसतो, पीक विमा असला तर तुटपुंजा असतो. शेतकऱ्याला फेरपालट कळते, पण बाजाराला दोनच पिकं ओळखीची असतात. जनावरं असलेल्या कुटुंबाचं इथे बरं चालतं. लसूणघास, ओट, आच्छादन पीक हे सगळं घरीच खाल्लं जातं आणि शेण शेतातच पडतं.

आच्छादन पिकांचंही तसंच. अमेरिकेच्या २०२२च्या कृषी गणनेत त्यांच्याखाली सुमारे १.८ कोटी एकर क्षेत्र नोंदवलं गेलं. ऐकायला मोठं वाटतं, पण तिथल्या पीकक्षेत्राच्या ते पाच टक्क्यांच्याही आत आहे. कमी पावसाच्या भागात शेतकरी हात आखडता घेतात त्याला कारण आहे. तिथे आच्छादन पीक पिऊन टाकतं ते पाणी पुढच्या गव्हाच्या वाट्याचं असतं. अशा ठिकाणी उभं काड हेच आच्छादन पुरे.

कर्बाच्या गोष्टी

ही शेती हवेतला कर्ब मातीत साठवते आणि हवामान वाचवते, असं हल्ली ठळक अक्षरांत छापलं जातं. यात तथ्य आहे, पण जाहिरातीएवढं नाही. शंभर किलो काडातून मातीत दीर्घकाळ टिकतो तो दहा-वीस किलोंचा ऐवज, बाकीचा कर्ब जिवाणूंच्या श्वासातून हवेत परत जातो. शिवाय नांगरट थांबवल्यावर वाढलेला कर्ब बराचसा वरच्या थरात दिसतो. नमुने खोलवरून घेतले तर अनेक ठिकाणी नांगरलेल्या आणि न नांगरलेल्या शेतातला एकूण फरक फार उरत नाही.

वाढीलाही कमाल मर्यादा आहे. इंग्लंडमधल्या रॉथॅमस्टेड या कृषी संशोधन केंद्राच्या ब्रॉडबॉक शेतात १८४३पासून गव्हाचा प्रयोग चालू आहे. तिथे दरवर्षी हेक्टरी ३५ टन शेणखत मिळणाऱ्या तुकड्यात सेंद्रिय कर्ब दुपटीहून अधिक झाला. पण वाढ पहिल्या काही दशकांत वेगाने झाली आणि मग मंदावत गेली. आणि एवढं शेणखत प्रत्येक शेताला आणायचं कुठून, हा प्रश्न आहेच. म्हणून मातीत कर्ब साठवल्याबद्दल मिळणाऱ्या पैशांवर घर चालेल असं कुणी सांगितलं तर करार नीट वाचावा. पाणी मुरणं, माती जागेवर राहणं, डिझेल वाचणं हे फायदे रोख आहेत आणि ते शेतातच मिळतात.

उत्पादनाचं काय? २०१५मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात ६१० अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण आलं. नांगरट बंद केल्याने उत्पादन सरासरी ५.७ टक्के घटतं, असं त्यात निघालं. मात्र काड झाकलेलं ठेवलं आणि फेरपालटही केली तर घट बरीच कमी होते, आणि कोरड्या हवामानातल्या पावसावरच्या पिकांत उलट वाढ मिळते. तिन्ही गोष्टी एकत्र केल्या तर जमतं, एकटी विनानांगरणी अंगाशी येते.

एका कुटुंबाच्या नजरेने

पहिल्या वर्षी पेरणी यंत्राचा मोठा खर्च, दुसऱ्या वर्षी पिवळं पीक, आणि शेजाऱ्यांचे टोमणे. धसकटांनी भरलेलं रान आळशी माणसाचं दिसतं. काळं, तासलेलं रान म्हणजे चांगला शेतकरी हे डोळ्यांत बसलेलं असतं, आणि ते सगळ्यात जास्त आधीच्या पिढीच्या डोळ्यांत. वडिलांनी आयुष्यभर सरळ तास काढण्यात मान मिळवला, तिथे मुलीने शेत ‘अस्ताव्यस्त’ ठेवायचं म्हणजे घरात खटके उडणारच. शहाणी कुटुंबं एकदम सगळं शेत बदलत नाहीत. एखाद्या तुकड्यापासून सुरुवात करतात, आणि तीही सोप्या जोडीने, म्हणजे गव्हाच्या काडात सोयाबीन किंवा वाटाणा. मक्यावर मका घेऊन सुरुवात करणारे बहुधा परत फिरतात.

सगळी सुधारणा पिकाच्या आतच करायची असंही नाही. आयोवातल्या नील स्मिथ राष्ट्रीय वन्यजीव अभयारण्यात २००७पासून एक प्रयोग झाला. उतारावरच्या पीकक्षेत्रातला फक्त दहावा हिस्सा स्थानिक गवतं आणि रानफुलांच्या पट्ट्यांना दिला, तर शेतातून वाहून जाणारी माती ९५ टक्क्यांनी घटली. दहा टक्के जमीन देऊन एवढं मिळालं, कारण पट्टे नेमके पाणी वाहतं तिथे आडवे टाकले होते. शिवाय ताठ खोडांची गवतं पाण्याच्या लोंढ्यात आडवी पडत नाहीत. २०१८च्या अमेरिकी कृषी कायद्याने असे पट्टे सरकारी अनुदानाच्या योजनेत घेतले. नाहीतरी प्रत्येक शेतात तोट्यात जाणारा एखादा कोपरा असतोच, पाणथळ, उताराचा किंवा खडकाळ. बियाणं आणि खत दरवर्षी तिथे घालवण्यापेक्षा तो गवताला दिलेला परवडतो.

सगळ्यात अवघड गाठ मात्र मातीत नाही, सातबाऱ्याच्या पलीकडे आहे. अमेरिकेत निम्म्याहून अधिक पीकजमीन भाडेपट्ट्याची आहे, आणि पुष्कळ करार वर्षावर्षाचे. आज राय पेरायची, पाच वर्षांनी माती सुधारायची आणि सहाव्या वर्षी जास्त भाडं देणाऱ्याने ती जमीन न्यायची, हा व्यवहार कुणाला परवडेल? म्हणून बरीच कुटुंबं स्वतःच्या जमिनीवर जे करतात ते भाड्याच्या जमिनीवर करत नाहीत. काही जण मालकाशी बसून पाच-दहा वर्षांचा करार करतात, आच्छादन पिकाच्या बियाण्याचा खर्च वाटून घेतात, आणि सुरुवातीला व शेवटी मातीची तपासणी करून सेंद्रिय कर्ब कागदावर नोंदवतात. मालक बहुतेकदा शहरात राहणारा वारस असतो. त्याने ती माती कित्येक वर्षांत हातात घेतलेली नसते. अशा वेळी पाण्याच्या दोन बरण्या आणि दोन ढेकळं घेऊन गेलं, तर बोलणी लवकर पुढे सरकतात.